वरळी नाक्यावरचे १०८९ सीसी

६८ आणि ७५. दोन्ही मिलिमीटर. पहिला आकडा सिलिंडरच्या व्यासाचा, दुसरा स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वरून खाली किती अंतर जातो त्याचा. असे चार सिलिंडर. शाळेतलं पाय-आर-वर्ग-एच लावा: त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, उंची ७.५, एका सिलिंडरचे होतात २७२.४ घन सेंटिमीटर, चारांचे १०८९ आणि वर थोडे. मुंबईत हा आकडा कुणी पाठ केला नाही, पण त्याच्या मागच्या सीटवर बसून निम्मं शहर केईएमला, लग्नाला आणि बोरीबंदरला गेलं. काळी-पिवळी फियाट. कागदोपत्री ती १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी होती, पण वरळी नाक्यावर ‘पद्मिनी’ म्हणून हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही.

हे ६८ बाय ७५ चं माप तुरिनचं. १९३७ साली फियाटची ‘५०८ सी’ आली. तिचा मुख्य अभियंता दान्ते जाकोझा, इंजिन १०८९ सीसी, ताकद ३२ अश्वशक्ती. हीच मापं १९५३ च्या फियाट ११०० मध्ये उतरली आणि तिथून सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात. पद्मिनीपर्यंत ताकद ४० वर गेली. साडेतीन दशकांहून जास्त काळात वाढ ८ अश्वशक्तींची. यात प्रगती काय, असं कुणी विचारलं तर उत्तर अवघड आहे.

पण याच मापाच्या इंजिनातून जाकोझाने दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी-शेवटी साधारण ६० अश्वशक्ती काढल्या होत्या. तेही दुसऱ्याच्या गाडीसाठी. पिएरो दुझिओ नावाच्या उद्योगपतीला रेसिंग कार हव्या होत्या. त्याच्या कंपनीचं नाव चिझितालिया. इटली तेव्हा युद्धात उद्ध्वस्त झालेली, नवं इंजिन घडवायला ना पैसा, ना पोलाद. मग फियाटचं बाजारात मिळणारं इंजिन, फियाटचेच सुटे भाग. कॉम्प्रेशन वाढवलं, तेलाची टाकी इंजिनाच्या पोटातून काढून बाजूला नेली, फेरे साडेपाच हजारांपर्यंत चढवले. गाडीचं नाव ‘डी ४६’, साल १९४६.

एवढ्याने ताकद दुपटीजवळ गेली हे खरं, पण खरी चलाखी वजनात होती. दुझिओच्या उद्योगांत सायकलींचाही कारखाना होता. सायकलीच्या फ्रेमला लागतात तशा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या बारीक नळ्या जोडून जाकोझाने गाडीचा सांगाडा केला आणि गाडी ४०० किलोंच्या आत बसवली. आता भागाकार करा. पद्मिनी रिकामी ८९५ किलो, घोडे ४०. एका घोड्याच्या वाट्याला २२ किलो. डी ४६ मध्ये एका घोड्याला सात किलोही नाहीत. टॅक्सीत ड्रायव्हरसकट पाच माणसं बसली की वाटा ३० किलोंवर जातो. केम्प्स कॉर्नरच्या चढावर ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा गिअर ओढून दुसऱ्यात का टाकायचा, त्याचं उत्तर या भागाकारात आहे. दोष इंजिनाचा नव्हता.

डी ४६ पहिल्यांदा शर्यतीत उतरली ती ३ सप्टेंबर १९४६ रोजी, तुरिनच्या व्हॅलेंतिनो बागेत. ताझिओ नुव्होलारी चालवत होता, वय ५३. चालू शर्यतीत स्टिअरिंगचं चाक निखळून त्याच्या हातात आलं. चाक एका हातात, दुसऱ्या हाताने उरलेला दांडा पकडलेला, अशा थाटात तो गाडी हाकत पिटपर्यंत आला. शर्यत दुझिओनेच जिंकली, चिझितालियामध्ये बसून. पुढच्या वर्षी मिले मिलियाच्या हजार मैलांच्या शर्यतीत नुव्होलारी दुसरा आला, त्याच १०८९ सीसीवर. पहिल्या आलेल्या आल्फा रोमिओचं इंजिन २९०५ सीसीचं, पावणेतीन पटींहून थोडंसं कमी. त्यात वाटेत पावसाचं पाणी मॅग्नेटोमध्ये शिरून याची गाडी बंद पडली होती. जुलैत हिंदमाताला अडकलेल्या कुठल्याही फियाटवाल्याला हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

टॅक्सीच्या मेकॅनिकचाही एक हिशेब इथे घालतो. इंजिन धूर टाकायला लागलं की ते ‘बोअर’ करायचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. व्यास ६८ चा ६८.४ झाला, एवढासाच फरक, तरी चार सिलिंडर मिळून १०८९ चे ११०२ होतात. म्हणजे लालबाग-परळच्या एखाद्या गॅरेजात बोअर झालेली म्हातारी टॅक्सी नुव्होलारीच्या गाडीपेक्षा १३ सीसीने मोठी. याचा उपयोग शून्य, पण मला हा आकडा आवडतो.

आता गाडीचं अंग घडवणाऱ्याकडे येऊ. त्याच इंजिनावर चिझितालियाने ‘२०२’ नावाची बंद कार काढली. यांत्रिक बाजू जोव्हान्नी सावोनुत्सीची, अंग घडवलं पिनिन फरिनाने. तोपर्यंतच्या गाड्या म्हणजे बॉनेट वेगळं, मडगार्ड वेगळे, दिवे वर खुंटीसारखे लावलेले. २०२ मध्ये बॉनेट मडगार्डच्याही खाली गेलं, दिवे मडगार्डच्या पोटात गेले आणि पुढच्या टोकापासून मागपर्यंत ॲल्युमिनियमचा एकच अखंड पृष्ठभाग झाला. गाड्या जेमतेम १७० च्या आसपास बनल्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ साली आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं त्यात ही होती, आणि १९७२ साली एक २०२ त्या संग्रहालयाने कायमची घेतली. चिझितालिया मात्र बुडाली. दुझिओने पोर्शेकडून १२ सिलिंडरची ग्रांप्री कार करून घ्यायला काढली आणि त्या खर्चाने कंपनीचं दिवाळं वाजलं.

पिनिन म्हणजे पिएमाँतच्या बोलीत ‘धाकटा’. मूळ नाव बात्तिस्ता फरिना, ११ भावंडांतला दहावा. कंपनी १९३० ची. पुढे फेरारीशी जोडी जमली; आधी कुणी कुणाच्या दारात जायचं यावर अडलं, म्हणून दोघं मधल्यामध्ये तोर्तोना गावी जेवायला भेटले. १९५२ च्या पहिल्या फेरारीनंतर पुढची साठेक वर्षं बहुतेक फेरारींचा चेहरा या घराण्याचा.

हे घराणं वरळीत आलं १४ डिसेंबर २०१५ रोजी. डॉ. जी. एम. भोसले मार्गावर, कुर्णे चौकाजवळ महिंद्रा टॉवर्स आहे; त्या दिवशी महिंद्रा आणि टेक महिंद्राने पिनिनफरिनाचा ७६.०६ टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. शेअरचा भाव १ युरो १० सेंट, तेव्हाचे साधारण ८० रुपये. एकूण २ कोटी ५३ लाख युरो. शिवाय २ कोटी युरोंचं नवं भांडवल आणि धनकोंना ११ कोटी ४५ लाख युरोंची हमी. वर्तमानपत्रांचे मथळे पहिल्या रकमेवर होते, वाचायची होती शेवटची. ८५ वर्षांच्या नावाची किंमत त्याच्या देण्यांच्या हमीच्या पावपटही भरली नाही. जगातल्या देखण्या मोटारी घडवणाऱ्यांचा ताळेबंद असा असतो.

महिंद्राचा इटलीशी संबंध त्याआधीचा. २००८ साली बोलोन्याची इंजिन्स इंजिनिअरिंग घेतली, मग मोटरसायकलच्या ग्रांप्रीत उतरले. २०१२ च्या मोटो-थ्री इंजिनाचं काम ओरल इंजिनिअरिंगकडे होतं. ती फेरारीचे जुने तांत्रिक प्रमुख माउरो फोर्गिएरी यांची कंपनी. इथे आकडे पाहण्यासारखे आहेत. नियमाने एकच सिलिंडर, २५० सीसी, व्यास जास्तीत जास्त ८१ मिमी. मग स्ट्रोक ४८.५ पुरतो. फियाटचा पिस्टन व्यासापेक्षा लांब धावतो, याचा व्यासाच्या सहा दशांशच. धाव आखूड म्हणून फेरे वाढवता येतात. पद्मिनीच्या ४८०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर. मोटो-थ्रीच्या १३,५०० फेऱ्यांच्या मर्यादेला जवळपास २२. स्ट्रोक ७५ ठेवून तेवढे फेरे मारायचे तर वेग ३४ वर जाईल आणि कनेक्टिंग रॉड इंजिनाबाहेर येईल. २०१६ साली ॲसेनला फ्रान्चेस्को बान्याइयाने महिंद्राला पहिला ग्रांप्री विजय मिळवून दिला. पुढे तो दोनदा मोटोजीपीचा विश्वविजेता झाला, डुकाटीवर.

पिनिनचं पहिलं नाव लावलेली ‘बात्तिस्ता’ २०१९ मध्ये जिनिव्हात दाखवली. विजेवर चालणारी, १२० किलोवॉट-तासांची बॅटरी, १९०० अश्वशक्ती, फक्त १५० गाड्यांची योजना. पद्मिनीच्या हिशेबात साडेसत्तेचाळीस टॅक्सी. शून्यापासून शंभरपर्यंत १.८६ सेकंद, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीवर स्वतःच्या वजनाच्या दीडपट दाब. आणि हे मोटर-बॅटरीचं पोट कुणाचं? क्रोएशियाच्या रिमात्सचं. दुसऱ्याच्या यंत्रावर आपलं अंग चढवायचं, हे पिनिनफरिनाचं काम १९४७ पासून बदललेलं नाही. तेव्हा यंत्र फियाटचं होतं, एवढाच फरक.

मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओची, २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीला ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी आनंद महिंद्रांनी समाजमाध्यमावर तिला निरोप दिला: गैरसोयीची, आवाज करणारी, पण आठवणींनी भरलेली, अशा अर्थाचा. टॅक्सी संघटनेची मागणी होती की एक तरी जपून ठेवा.

न्यूयॉर्कने आपलं १०८९ सीसी संग्रहालयात ठेवलं आहे. महिंद्रांनी भोसले मार्गावरच्या दारात एक काळी-पिवळी उभी करावी, मीटरसकट. आणि बॉनेट उघडं ठेवावं.