रूळ गेले, वाट राहिली

सायकल भाड्याने देणाऱ्या बाईंनी सगळ्यात आधी काय केलं, तर टायरमधली हवा काढली. जन्मभर ‘हवा टाइट आहे ना?’ एवढंच विचारत आलेल्या मला ते विचित्रच वाटलं. त्यांनी अंगठ्याने टायर दाबून दाखवलं. पिकत आलेल्या टोमॅटोइतकं ते दबलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. टणक फुगवलेलं टायर बारीक खडीवर प्रत्येक खड्यागणिक उडतं. जरा मऊ टायर तोच खडा पोटात घेतं आणि जमीन धरून ठेवतं. ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय, ते मला त्या अर्ध्या मिनिटात समजलं.

दिसायला ही सायकल रेसरसारखीच, खाली वळलेल्या हँडलची. पण टायर 40 मिलिमीटरच्या आसपास रुंद, ब्रेक डिस्कचे आणि चढासाठी गिअर हलके. डोंगरात चालवायच्या सायकलइतकी ती जड नसते. डांबर संपून मुरूम लागला तरी मागे फिरावं लागू नये, एवढ्यासाठी ती घडवलेली असते. आपल्याकडेही हल्ली ती दिसू लागली आहे. तिला साजेशी वाट मात्र सहज सापडत नाही आणि हा लेख त्या वाटेबद्दल आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या उत्तरेला, गाडीने दोन तासांच्या आत, क्लेअर व्हॅली हा वाइनच्या द्राक्षांचा मुलूख आहे. तिथे ऑबर्न या गावापासून क्लेअरपर्यंत आणि पुढे बरिनियापर्यंत तीस-पस्तीस किलोमीटरची एक वाट जाते. तिचं नाव रीसलिंग ट्रेल. रीसलिंग ही पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची जात, आणि या खोऱ्याची ओळखच तिच्यावर आहे. दिवसा कडक ऊन आणि उंचीमुळे रात्री गारवा, असं हवामान तिला मानवतं. त्याने द्राक्षातला आंबटपणा टिकतो. ट्रेलवर मोटारींना प्रवेश नाही. मधेमधे गावरस्ते ओलांडावे लागतात, तेवढाच काय तो वाहनांशी संबंध.

ही वाट सायकलसाठी आखलेली नाही. ती आहे जुनी रेल्वे. 1918 मध्ये क्लेअरला आगगाडी पोचली. 16 फेब्रुवारी 1983 या दिवशी, ऑस्ट्रेलियात ज्याला ‘अॅश वेन्सडे’ म्हणतात त्या बुधवारी, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियात भयंकर वणवे पेटले. दोन्ही राज्यांत मिळून 75 माणसं गेली. या मार्गाचंही मोठं नुकसान झालं. पुढच्या वर्षी गाडी बंद झाली आणि नंतर रूळ उचलले गेले.

अशा वेळी काय होतं, ते आपल्याला नीट ठाऊक आहे. बंद पडलेल्या पट्ट्यावर कुणाचा तरी कुंपणाचा खांब दोन हात पुढे सरकतो, कुणी शेड टाकतं, आणि काही वर्षांत तो पट्टा फक्त नकाशात उरतो. क्लेअरमध्ये तसं झालं नाही, याचं श्रेय तिथल्या लोकांना आहे. वाइन तयार करणारे आणि गावकरी पुढे झाले, सरकारच्या मागे लागले आणि नव्वदच्या दशकात त्या पट्ट्यावर बारीक खडी दाबून वाट झाली. तिची देखभाल आजही स्थानिक स्वयंसेवकांची समिती पाहते. वाटेला तिकीट नाही.

रेल्वेची वाट सायकलला इतकी मानवते, ती चढामुळे. आगगाडीचं पोलादी चाक पोलादी रुळावर घसरतं, म्हणून तिला तीव्र चढ झेपतच नाही. कसारा घाटात 37 मीटर जाताना 1 मीटर चढ आहे, तर तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. रेल्वेच्या हिशेबात हा अवघड घाट. सिंहगडाच्या रस्त्यावर दम काढलेल्या सायकलस्वाराला विचाराल, तर 37 ला 1 त्याच्या लेखी जवळजवळ सपाटच. म्हणून रेल्वेच्या इंजिनिअरांनी टेकड्या कापून, भराव घालून जो मार्ग केला, त्यावर सत्तरीतले आजोबा आणि आठ वर्षांची नात एकाच वेगाने जाऊ शकतात. मला ते दोघे खरोखरच भेटले. आजोबा वेग जुळवण्यासाठी मुद्दाम हळू चालले होते की नात जोर लावत होती, ते मात्र कळलं नाही.

क्लेअरहून दक्षिणेला निघालं की सेव्हनहिलच्या दिशेने हळूहळू चढ लागतो. दोन्ही बाजूंना निलगिरी, आणि सालपटं सोललेल्या त्या खोडांमधून द्राक्षांच्या ओळी दिसतात. आपल्यासारखा डोक्यावरचा मांडव नाही, तारेवर बांधलेल्या उभ्या ओळी. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या, तिथे थंडीत पानगळ झाल्यावर एकच. खडीवरून टायर जाताना एकसारखी कुरकुर होत राहते आणि तिच्यावरून वाट सुकी आहे की दमट, हेही कळायला लागतं.

सेव्हनहिल हे नाव रोमच्या सात टेकड्यांवरून आलं. ऑस्ट्रियाहून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी 1851 मध्ये इथे वेली लावल्या, त्या चर्चमधल्या प्रार्थनाविधीला लागणाऱ्या वाइनसाठी. खोऱ्यातली ही सगळ्यात जुनी वायनरी, आणि विधीची वाइन तिथे अजून होते.

वाटेवरून मनात आलं तरी बागेत शिरायचं नाही, हा इथला कडक दंडक. कारण फायलोक्सेरा. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ही कीड वेलीची मुळं शोषते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या द्राक्षबागा तिने उद्ध्वस्त केल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात तिचा शिरकाव झालेला नाही, म्हणून तिथे वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या राहू शकतात. नाशिकला आपण डॉगरिज खुंटावर कलम करतो, पण ते या किडीसाठी नव्हे, पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारांसाठी. ही कीड बुटांना आणि टायरांना चिकटलेल्या मातीतून पसरते. एका सायकलवाल्याच्या हौसेपायी शंभर वर्षांची बाग जाऊ शकते. कुंपण नसलेल्या ठिकाणीही कुणी वाट सोडताना मला दिसलं नाही.

पुढे पेनवर्दम. हे गाव जॉन हॉरॉक्स या तरुणाने वसवलं. 1846 मध्ये तो उत्तरेकडचा प्रदेश शोधायला निघाला, सोबत हॅरी नावाचा उंट. ऑस्ट्रेलियात आलेला हा पहिला उंट. हॉरॉक्स बंदूक भरत असताना उंट हलला, गोळी सुटली आणि हॉरॉक्सलाच लागली. काही आठवड्यांत तो गेला. त्याची कबर इथेच आहे. मी तिथे पाणी प्यायला थांबलो होतो आणि अर्धा तास निघालोच नाही.

इथून ऑबर्नपर्यंत बहुतेक उतारच. पायडल न मारता वॉटरव्हेल गाव मागे पडतं. ऑबर्नच्या जुन्या स्टेशनात आता एका वायनरीचं विक्रीकेंद्र आहे. पिऊन सायकल चालवणं तिथे गुन्हा आहे आणि हेल्मेटही सक्तीचं, म्हणून चव घ्यायची ती शेवटच्या मुक्कामी. आणखी पुढे जायचं असेल, तर याच जुन्या रेल्वेवरचा 19 किलोमीटरचा रॅटलर ट्रेल रिव्हरटनला नेतो.

परतताना मनात नाशिक होतं. आपल्याही खोऱ्यात बागा आहेत, वायनऱ्या आहेत, 2010 पासून ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, आणि सायकलवर जीव टाकणारी माणसं तर भरपूर. पण रविवारी गंगापूर धरणाकडे जायचं तर उजाडायच्या आत निघावं लागतं. नंतर रस्ता मोटारींचा होतो. बंद रेल्वे नाशिकला नाही, पण पाट आहेत. पाणी आपोआप वाहावं म्हणून कालव्याचा उतार रेल्वेहूनही कमी ठेवलेला असतो, आणि त्याच्या कडेने देखरेखीसाठी मुरमाची वाट असते. ग्रॅव्हल सायकलला याहून अधिक काही लागत नाही. त्या वाटेवर पहिला हक्क शेतकऱ्याचा, त्याचा ट्रॅक्टर आला की आपण बाजूला व्हायचं. तेव्हा पाटबंधारे खात्याने, पाणीवापर संस्थांनी आणि सायकल क्लबांनी एकत्र बसावं. सुरुवातीला पाच किलोमीटरचा एकच तुकडा निवडावा आणि रविवारी सकाळी सहा ते नऊ तो मोटारींना बंद ठेवावा. डांबर मात्र टाकू नये.