मामांचे रिव्हॉल्वर आणि कर्जतचा पाऊस



गाळप हंगाम आटोपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. रोलर उतरतात, बेअरिंगे तपासली जातात. तशीच एक छोटी ओव्हरहॉलिंग आम्ही यंदा मे अखेरीस सासुरवाडीला, कर्जतला पाहिली. (रायगड जिल्ह्यातले कर्जत बरे का, नगरकडचे नव्हे!)

आमच्या मामांची, म्हणजे सासऱ्यांची, तिथे भातगिरणी होती. संध्याकाळी रोकड घेऊन एकट्याने घरी यायचे, म्हणून १९९८ साली त्यांनी रीतसर लायसन काढून .३२ चे रिव्हॉल्वर घेतले. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे, सहा गोळ्यांचे. गिरणी बंद झाली, रिव्हॉल्वर राहिले. कुणावर रोखायची वेळ कधी आली नाही. मामा म्हणतात, "जावईबापू, चोर परवडला. हा पाऊस लय वाईट."

कर्जत-खालापुरात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कपाटातले कपडे बुरसतात, तिथे लोखंडाची काय कथा! मामांनी पहिल्या वर्षी रिव्हॉल्वर चामड्याच्या म्यानातच ठेवले. चामड्याने ओल धरली आणि नळीवर तांबेरा चढला. पट्ट्यातल्या पितळी काडतुसांवर हिरवा कळंक आला. तेव्हापासून म्यान वेगळे, हत्यार वेगळे, काडतुसे तिसरीकडे, आणि सगळे कुलपात.

लायसन मामांच्या नावावर, म्हणून हात त्यांचेच. आम्ही फक्त बॅटरी धरली. नळी खाली मोडून त्यांनी आधी सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली. मग नळीतून ब्रश, कोरडी चिंधी, शेवटी बंदुकीच्या पातळ तेलाचा हलका हात. खोबरेल चालत नाही, ते थिजते आणि चिकटा धरते. काडतुसांना तर तेल लावायचेच नाही, आतली दारू निकामी होते. बोटांचा घामसुद्धा पुसून काढायचा. निवडणुकीत पोलिसांची नोटीस आली की हत्यार जमा करावे लागते. त्याआधीही तेलपाणी, आणि पावती जपून.

कागदाची निगाही तितकीच. लायसनची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच झाली. मुदत लांबली तशी विसरभोळेपणालाही वाव वाढला.

खरी अडचण पुढेच. मामांनी सत्तरी ओलांडली. धनी गेल्यावर घरच्यांनी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. नुसते कपाटात ठेवले तरी गुन्हा. मात्र २०१६ च्या नियमांप्रमाणे वयाची सत्तरी झाली किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षे झाली, की हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. वारसाला लायसन मिळायला हवे, एवढेच.

आमचे मेहुणे खोपोलीला नोकरीला. त्यांना ही जोखीम नको वाटते. मामा क्षणभर गप्प झाले. सत्तावीस वर्षे पोटच्या पोरासारखे जपलेले! मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत त्याने हो म्हटले तर अलिबागला अर्ज करू. नाही तर विक्रेत्याला देऊन टाकू. माझ्यामागे पोरांना ठाण्याच्या फेऱ्या नकोत."

आपण शेअरला वारसाचे नाव लावतो, सातबारा बघतो. ज्यांच्या घरी पिकाच्या राखणीची बंदूक आहे, त्यांनी यंदा तेवढे लायसनही काढून बघावे. तेल काय, थोडक्या पैशांतही होते!

असो.