घाणेरीचे उच्चाटन : समज आणि वस्तुस्थिती

पुण्याच्या टेकड्यांवरील वनोद्यानांत कुदळी घेऊन घाणेरी खणणारे स्वयंसेवक दिसले, की हिरवळीचा हा विध्वंस कशासाठी, असे फिरावयास येणारे अनेक सद्गृहस्थ कळवळून विचारतात. त्यांचा कळवळा खरा असला, तरी त्यामागची समजूत खरी नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून शोभेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आणलेले हे झुडूप जिथे माजते, तिथे गवताला ऊन मिळत नाही, देशी झाडांची रोपे वर येत नाहीत आणि पाला विषारी असल्याने गुरेही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती उपद्रवीच, असे मानणेही तितकेच चुकीचे; चिंच मूळची आफ्रिकेतील, पण तिने आपले एकही माळरान गिळंकृत केलेले नाही.

सर्वांत हानिकारक गैरसमज कोयत्यासंबंधीचा आहे. जमिनीलगत छाटलेली घाणेरी पावसाळा लागताच पूर्वीपेक्षा दाट फुटते, आणि जाळली तरी तीच गत. कारण धुमारे येतात ते खोड आणि मूळ यांच्या सांध्यापासून. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांच्या पद्धतीत म्हणूनच माती किंचित उकरून, त्या सांध्याच्या खाली, सोटमुळावर घाव घालतात आणि निघालेले झुडूप मुळे आभाळाकडे करून उलटे ठेवतात, म्हणजे मातीला टेकून ते पुन्हा रुजत नाही. फांद्यांच्या जाळीत बुलबुलाचे घरटे आढळले, तर ते झुडूप तूर्त तसेच राहू द्यावे.

एका श्रमदानाने काम फत्ते होते, हेही खरे नाही. काळी फळे खाऊन पक्षी बिया दूरवर टाकतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक गवते लावून काही वर्षे लागोपाठ निंदणी केली नाही, तर तिथे पुन्हा घाणेरी किंवा गाजरगवत कब्जा करते. हे गाजरगवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे, कारण त्याने अनेकांच्या त्वचेचा दाह होतो. ते अमेरिकेच्या पी. एल. 480 या धान्यपुरवठा योजनेच्या गव्हातून आले ही सर्वतोमुखी समजूत मात्र शंकास्पद आहे, कारण पुण्यात ते 1955 सालीच आढळले होते आणि भारताचा त्या योजनेखालील करार 1956 चा.

स्वयंसेवा म्हणजे वाटेल ते तोडण्याची सनद नव्हे. घाणेरीचे झुडूप निराळे, ग्लिरिसिडियासारखा परदेशी वृक्ष निराळा. शहरातील वृक्षतोडीला महाराष्ट्राचा 1975 चा वृक्षसंरक्षण अधिनियम लागू असून वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक असते, आणि वनखात्याच्या हद्दीत त्या खात्याची मंजुरी घ्यावी लागते. शिवाय वनस्पती ओळखणारा जाणकार सोबत असावाच, नाहीतर घाणेरीच्या सावलीत तग धरून राहिलेली देशी रोपटी घाईघाईत तिच्याबरोबरच उपटली जातात.