पालक-शिक्षक संवाद

पालक-शिक्षक संवाद म्हणजे विद्यार्थ्याची प्रगती, उपस्थिती, आरोग्य आणि वर्तन यांविषयी त्याचे पालक व शिक्षक यांच्यात होणारी माहितीची देवाणघेवाण होय. महाराष्ट्रात पालकसभा, माता-पालक संघ, गृहभेटी, प्रगतिपुस्तक आणि अलीकडे व्हॉट्सॲप गट ही या संवादाची प्रचलित माध्यमे आहेत.

कायदेशीर आधार

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना कळवणे, हे या अधिनियमाच्या कलम २४ अन्वये शिक्षकाचे कर्तव्य आहे. ती शाळेची मेहेरबानी नव्हे. कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता अन्य शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि ५० टक्के सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ असणे राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने बंधनकारक केले. मात्र तेथील चर्चा पुष्कळदा शुल्कापाशीच थांबते.

स्वरूप

पालकसभेत बहुधा शिक्षक बोलतात व पालक ऐकतात. गुण वाचून दाखवले जातात, तक्रारी सांगितल्या जातात आणि सह्या घेऊन सभा संपते. वास्तविक पालकांजवळची माहितीही तितकीच मोलाची असते. गणितात मागे समजला जाणारा मुलगा आठवडी बाजारात भाजीचा हिशेब चोख करत असेल, तर ते शिक्षकाला घरूनच कळू शकते. मेळघाटातील कोरकूभाषक घरातून आलेल्या मुलाचे वर्गातील मौन हे अनेकदा केवळ शाळेची भाषा नवी असल्यामुळे असते. सभेची वेळ हीदेखील एक अडचण आहे: रोजंदारीवरील पालकाला दुपारच्या सभेसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. अशा वस्त्यांत संध्याकाळची गृहभेट अधिक उपयोगी ठरते.

स्थलांतर आणि संवाद

या संवादाची सर्वांत कठीण कसोटी ऊसतोड मजुरांच्या गावांत लागते. बीडसह मराठवाड्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास जोडपी उचल घेऊन कारखान्यांच्या परिसरात जातात. गावी सांभाळणारे कोणी नसल्यास मुलेही सोबत जातात. धाकट्या भावंडांना राखण्यासाठी मुलींना नेण्याकडे विशेष कल असतो. गावी राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहे चालवली जातात. पण मूल कोणाकडे राहणार, आजीला ते झेपेल का, हे प्रश्न पालकांशी गाडी निघण्यापूर्वीच बोलून ठरवावे लागतात. मूल जाणारच असेल, तर त्याला शिक्षण हमी कार्ड दिले जाते. दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळण्यास ते उपयोगी पडते. मात्र ते कशासाठी आहे आणि तेथे गेल्यावर कोणाला दाखवायचे, हे पालकांना आधी सांगितलेले असावे लागते. हे बोलणे राहून गेले, तर मुलाच्या नावापुढे हजेरीपटावर मार्च-एप्रिलपर्यंत केवळ गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात.