ड्रमरच मशीन असेल तर? गॉथिक रॉक आणि मुंबईतले दहा राग

गॉथिक रॉक म्हणजे काळे कपडे, खोल आवाज आणि घुमणारी गिटार. यातला एक गाजलेला अल्बम म्हणजे ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ या ब्रिटिश बँडचा ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज’ (1985). गंमत म्हणजे यात ड्रमर माणूस नाहीच! ड्रम मशीन आहे, आणि बँडने त्याचं नावही ठेवलं होतं: डॉक्टर ॲव्हलांच. माणसाची लय किंचित मागेपुढे होते, मशीन मात्र ढिम्म. त्या गाण्यांतला गारठा बराचसा तिथून येतो.

मग मशीन आलं की संगीत थंडच होणार का? याचं उत्तर आम्हा वसई-विरारकरांच्या लोकलच्या टप्प्यात आहे, मुंबईत.

चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार आणि बेस वाजवायचे. 1982 मध्ये त्यांनी तीन रोलँड मशीन्स वापरून एक अल्बम केला: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ठेक्यासाठी टीआर-808, बेससाठी टीबी-303 आणि रागाच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-8 सिंथेसायझर. भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग.

हे चालतं कसं? 808 वर ओळीने 16 बटणं असतात. तीनतालाच्या 16 मात्रांसारखी कल्पना करा. ज्या घरात बटण दाबाल तिथे ठोका पडतो आणि 16 घरं संपली की पुन्हा पहिल्यापासून. प्रोग्रामरच्या भाषेत हा साधा लूप. 1, 5, 9, 13 वर मोठा ड्रम ठेवला की डिस्को तयार! 303 मध्ये ‘स्लाइड’ नावाची सोय आहे: एक सूर न तुटता दुसऱ्यावर घसरतो. आपण याला मींड म्हणतो. रागाला हवी असलेली गोष्ट मशीनमध्ये आधीच होती, ती ओळखणारा वादक हवा होता.

तेव्हा हा अल्बम फारसा चालला नाही. 1987 मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या ग्रुपने त्याच 303 वर ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं आणि ॲसिड हाउस हा प्रकार जगभर गाजला. मुंबईचा अल्बम 2010 मध्ये पुन्हा निघाला, तेव्हा लोक चक्रावले: हा आवाज पाच वर्षं आधीच इथे? शिकागोवाल्यांनी चरणजितकडून काही घेतलं नव्हतं. दोन्हीकडे मशीन तेच, म्हणून आवाजात साम्य. पण चरणजित यांना उतारवयात का होईना, परदेशी मंचांवर दाद मिळाली. 2015 मध्ये ते गेले.

मला यातून एकच गोष्ट पटते. मशीनला मूड नसतो. कोणी त्यातून अंधार काढतं, कोणी भैरवी. आज असा 16 घरांचा सिक्वेन्सर फोनवर फुकट ॲपमध्ये मिळतो. तयार बीट उचलण्याआधी एकदा रिकाम्या घरांपासून सुरुवात करून बघा. तुमच्या गल्लीतला ढोल त्यात कसा बसतो, तेही कळेल.