पाठीची जुनी दुखापत आणि कड्यावरची उडी
१० मीटर उंच कड्यावरून उडी मारलेले शरीर ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळते. पाणी हा वेग क्षणार्धात मोडते. बसल्या स्थितीत पडल्यास धक्का थेट माकडहाडातून कण्यात चढतो. सर्वाधिक दबतात ते छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका, कारण बरगड्यांनी ताठ धरलेला कणा तिथे लवचिक कमरेला मिळतो. मणका आधीच दबलेला किंवा चकती सरकलेली असेल, तर धोका कितीतरी वाढतो. दुखणे थांबले म्हणजे हाड भरले असे मुळीच नाही. मोडलेला मणका जुळायला साधारण तीन महिने लागतात, स्नायू सावरायला अनेकदा त्याहून अधिक. उडीनंतर पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू किंवा नसा दबल्याची शंका घ्यावी. अशा माणसाला मान-पाठ सरळ धरून, फळीवरूनच बाहेर काढावे आणि तातडीने रुग्णालयात न्यावे.