टोफू कच्चा नसतो
टोफूबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे तो कच्चा असतो, तळल्या-परतल्याशिवाय पोटात घालू नये. खरे तर भिजवून वाटलेल्या सोयाबीनचे दूध चांगले उकळल्यावरच ते मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम सल्फेट घालून फाडतात आणि दाबून वडी करतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारी द्रव्ये असतात, ती या उकळण्यातच बहुतांशी निष्प्रभ होतात. म्हणून जपानमध्ये उन्हाळ्यात थंडगार टोफूवर किसलेले आले, कांद्याची पात आणि सोया सॉस घालून तो तसाच खातात. त्याला हियायाक्को म्हणतात. भीती बाळगायची तर ती कच्चेपणाची नव्हे, शिळेपणाची. पाणी आणि प्रथिने दोन्ही भरपूर असल्याने टोफू लवकर नासतो. तो फ्रिजमध्ये पाण्यात बुडवून ठेवावा, पाणी रोज बदलावे आणि तीन-चार दिवसांत संपवावा. आंबूस वास आला किंवा वडी बुळबुळीत लागली, तर टाकून द्यावा. सुटा विकत आणला असेल, तर दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढलेला बरा.

दुसरा आक्षेप टोफूबरोबर फळे खाण्याचा. दूध आणि आंबट फळे विरुद्धाहार, मग टोफू आणि संत्रे कसे चालेल? पण टोफू दुधाचा नाहीच, तो कडधान्याचा पदार्थ आहे. आणि डाळीला आंबट फळाची जोड आपल्याकडे जुनीच आहे: चैत्रातली आंबेडाळ म्हणजे भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि कैरी. जपानी शिराएमध्ये तर टोफू तिळाबरोबर वाटून त्यात पिकलेले पर्सिमन घालतात. पोषणाच्या अंगानेही ही जोडी चांगली आहे. टोफूतले लोह शरीराला सहजी शोषता येत नाही, ‘क’ जीवनसत्त्वाने ते शोषण वाढते. पेरू, संत्रे, लिंबू ते भरपूर पुरवतात. सोयाबीनने पुरुषांचे हार्मोन बिघडतात, ही धास्तीही अनेकांना असते. अनेक चाचण्यांचे एकत्रित आढावे २०१० आणि २०२१ साली प्रसिद्ध झाले, त्यांत टेस्टोस्टेरॉनवर असा परिणाम आढळला नाही. सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र टोफू टाळावाच. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि टोफू यांत किती अंतर ठेवायचे, हे डॉक्टरांना विचारावे.

उरली चव. ‘टोफू पांचट लागतो’ ही तक्रार बहुधा त्याच्याकडून पनीरची अपेक्षा केल्यामुळे येते. पनीरमध्ये दुधाची स्निग्धता असते, टोफूत ती कमी. पण ज्याला स्वतःची ठळक चव नाही, तोच फळाच्या आंबट-गोडाला वाट देतो. फक्त त्यातले पाणी आधी काढायला हवे, नाहीतर मीठ-लिंबू आत मुरतच नाही. घट्ट टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवावे, दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मग चौकोनी तुकडे करून त्यांना मीठ, लिंबाचा रस, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि किसलेले आले लावावे. तोवर पेरू किंवा संत्र्याच्या फोडी आणि डाळिंबाचे दाणे तयार होतात. वरून पुदिना आणि दाण्याचे भरड कूट. गॅस पेटवावाच लागत नाही. फळे अगदी वाढताना मिसळावीत, कारण मिठाने त्यांना पाणी सुटते. ताजा अननस किंवा पपई घालायची असेल, तर ही काळजी दुप्पट घ्यावी. त्यांतली एन्झाइम्स प्रथिने तोडतात, आणि सकाळी डब्यात भरलेला टोफू दुपारपर्यंत मऊ पडतो.